घरगुती जुन्या कॅसेटींतून ध्वनिकोलाज करताना: बोलणारा थांबला की खोली ऐकू येते

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांनी १९८० च्या दशकात घरच्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या चौदा कॅसेटी आपल्याकडे आहेत. त्यांत आजीने म्हटलेल्या ओव्या, भावंडांची बडबड, एका बारशाचा गलबला आणि रेडिओवरून उतरवलेली गाणी आहेत. हे आवाज आणि मोबाइलवर टिपलेले आजचे आवाज एकत्र करून आपल्याला प्रायोगिक ध्वनिकोलाज, म्हणजे आवाजांचे तुकडे कापून-जोडून केलेली रचना, करायची आहे. तीन महिन्यांच्या खटपटीनंतर हाती येते ते मात्र एकतर नुसता गोंगाट असतो, नाहीतर कौटुंबिक आठवणींचा अल्बम, आणि याचे कारण आपल्याला कळत नाही. मी हे काम गेली बावीस वर्षे करते आहे आणि पहिली चार वर्षे मीही याच दोन टोकांमध्ये अडकले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या मते दोन्ही टोकांचे मूळ एकच आहे. आपण कॅसेटीत जे मुद्दाम भरले गेले तेच साहित्य धरून चालला आहात: आजीची ओवी, भावाची कविता, पाहुण्यांचे आशीर्वाद. हे आवाज अर्थाने इतके भरलेले असतात की ते जसेच्या तसे ठेवले तर अल्बम होतो, आणि त्यांचा अर्थ मोडण्यासाठी त्यांवर थर चढवत गेले तर गोंगाट होतो. घरगुती ध्वनिमुद्रणात खरी संपत्ती आहे ती मुद्दाम भरलेल्या आवाजाच्या भोवती नकळत टिपली गेलेली. हे मी भावनेने म्हणत नाही, त्याला त्या यंत्रातच आधार आहे. घरगुती टेपरेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारे एक सर्किट असे. कोणी जवळून बोलू लागले की ते संवेदनशीलता खाली आणी, आणि बोलणारा थांबला की एकदोन सेकंदांत ती पुन्हा वर चढवी. म्हणून आजी ओवी संपवून गप्प होते तेव्हा फितीवर शांतता नसते. तिथे हळूहळू खोली वर येते. पंखा, मागच्या अंगणातली बादली, दूरच्या रस्त्यावरचा हॉर्न, स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी हे सारे जणू पुढे सरकते, आणि आजी पुन्हा बोलू लागली की मागे हटते. त्या यंत्राने दर वाक्यागणिक एक छोटीशी रचना आधीच करून ठेवलेली असते. ती ऐकायला शिकणे हा कामाचा अर्धा भाग आहे.

आता क्रमाने. आधी कॅसेटींची तब्येत पाहावी. फितीच्या कडेवर पांढरी भुकटीसारखी बुरशी दिसली तर ती कॅसेट यंत्रात मुळीच घालू नये, इतरांपासून वेगळी ठेवावी आणि जाणकाराकडे द्यावी, कारण बुरशी यंत्रातून पुढच्या कॅसेटीवर जाते. फितीला मागून दाब देणारा छोटा नमदा निखळला असेल तर आवाज मंद आणि दबलेला येतो. अशा वेळी फीत दुसऱ्या चांगल्या कवचात बसवता येते. कॅसेटीच्या वरच्या कडेचे दोन प्लास्टिकचे खिटे शाबूत असतील तर ते आधी तोडावेत, म्हणजे चुकून बटण दाबले गेले तरी फितीवर नवे काही भरले जाणार नाही. वर्षानुवर्षे न हललेली फीत वाजवण्यापूर्वी एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळून घ्यावी. यंत्राचे हेड, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा भाग, आणि फीत पुढे सरकवणारे रबरी चाक आधी साफ करावे. हेडसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी पुरते.

ज्या टेपरेकॉर्डरवर आजोबांनी भरले तोच चालू असेल तर पहिला प्रयत्न त्यावरच करावा. हेडचा फितीशी असलेला कोन प्रत्येक यंत्रात किंचित वेगळा असतो, आणि भरताना असलेला कोन वाजवतानाही मिळाला तरच श, स, च यांसारख्या व्यंजनांची धार परत मिळते. दुसरे यंत्र वापरावे लागले तर हेडजवळचा बारीक स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवत, आवाज मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र करून, ऐकत राहावे आणि आवाज सर्वांत उजळ येतो ती जागा सापडली की थांबावे. प्रत्येक कॅसेटीसाठी हे नव्याने करावे लागते. संगणकावर घेताना ध्वनीचा दर्जा २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झ निवडावा. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारसही त्याच दिशेने आहे. फाइल मोठी होते, पण पुढे आवाज निम्म्या किंवा पाव गतीने वाजवायचा असेल तेव्हा वरच्या वारंवारता ऐकण्याच्या टप्प्यात खाली येतात आणि त्या तिथे आहेत की नाहीत हा फरक कानाला कळतो.

पहिल्या वाजवण्यापासूनच ध्वनिमुद्रण चालू ठेवावे, ‘आधी जरा ऐकून पाहू’ असे करू नये. अमेरिकन संगीतकार विल्यम बसिन्स्की यांनी २००१ मध्ये आपल्या १९८० च्या दशकातल्या फितींची वर्तुळे, म्हणजे टोके जोडून अखंड फिरणारे तुकडे, संगणकावर घ्यायला सुरुवात केली, तेव्हा दर फेरीला फितीवरचा चुंबकीय लेप झडत गेला आणि संगीत त्यांच्या डोळ्यांदेखत विरत गेले. त्यांनी यंत्र चालू ठेवले म्हणूनच ते विरणे आज ऐकता येते. आपल्या कॅसेटी इतक्या वाईट अवस्थेत नसतील, पण एखादी फीत पहिल्याच फेरीत तुटू शकते.

गतीबद्दल एक उपयोगी युक्ती सांगते. कॅसेटीची ठरलेली गती सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर आहे, पण सेल उतरलेले असताना भरले असेल तर मोटर मंद फिरलेली असते, आणि आज योग्य गतीने वाजवल्यास आजोबांचा आवाज पातळ आणि घाईचा येतो. यंत्र विजेवर चालवून भरले असेल तर फितीवर मागे विजेची बारीक गुणगुण उमटलेली असते, जी आपल्याकडे ५० हर्ट्झची असायला हवी. संगणकावर ती ५२ वर दिसली, तर फीत सुमारे चार टक्के वेगाने वाजते आहे असे समजावे. आधी फीत थांबवून पाहावे, कारण ती गुणगुण आजच्या यंत्राची किंवा आपल्या वायरिंगचीही असू शकते. शिवाय त्या काळी वीजजाळ्याची वारंवारताच वरखाली होत असे, तेव्हा हे माप ढोबळ धरून शेवटचा निर्णय घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कानावर सोपवावा; माणसाचा आवाज बरोबर झाला की त्यांच्या चेहऱ्यावर ते ताबडतोब दिसते.

या टप्प्यावर सर्वांत मोठा मोह असतो तो सळसळ, म्हणजे फितीचा मागे सतत येणारा ‘स्स’ आवाज, काढून टाकण्याचा. माझ्या एका मावशीच्या आवाजाची एकुलती एक कॅसेट होती. ती मी संगणकावर घेतली, फितीची सळसळ काढणारे साधन पूर्ण जोराने चालवले, परिणामावर खूश झाले आणि मूळ फाइल पुसून टाकली. कॅसेट नंतर घर बदलताना हरवली. आज माझ्याकडे मावशीचा आवाज आहे, पण तो कुठल्याच खोलीत नाही. तिच्या श्वासांच्या जागी पाण्याखालून आल्यासारखी एक डुचमळ आहे, आणि मागे जो कावळा ओरडत असे तो गेला आहे. म्हणून आग्रहाने सांगते: मूळ फाइल हात न लावता दोन वेगळ्या जागी ठेवावी आणि त्यानंतरच प्रतीवर काम करावे. सळसळ शक्यतो काढूच नये. ती का हवी हे पुढे येईल.

आता ऐकणे. कापायला बसण्यापूर्वी प्रत्येक कॅसेट एकदा सलग, मध्ये न थांबता ऐकावी आणि वहीत दोन रकाने करावेत: डावीकडे पुढे काय ऐकू येते ते, उजवीकडे मागे काय ऐकू येते ते. पहिल्या कॅसेटीला उजवा रकाना रिकामा राहतो. तिसऱ्या-चौथ्या कॅसेटीपासून तो भरू लागतो, आणि माझा अनुभव असा की कोलाजचे साहित्य जवळजवळ सगळे त्या रकान्यातूनच येते. काय शोधावे याची थोडी कल्पना देते. रेकॉर्डिंगचे बटण दाबल्याच्या क्षणी मोटर अजून पूर्ण गतीला आलेली नसते, म्हणून वाजवताना पहिला अर्धा सेकंद उंच स्वरातून खाली घसरत येतो. हा घसरता आवाज प्रत्येक यंत्राचा वेगळा असतो. कोणी तरी ‘चालू झालं का?’ असे विचारते. दोन भरण्यांच्या मधल्या फटीत अर्धवट पुसलेला जुना शब्द शिल्लक असतो. रेडिओवरून गाणे उतरवताना काटा फिरवण्याची मध्यमलहरींची शीळ आलेली असते. आणि एक दुर्मीळ गोष्ट म्हणजे शब्दाची आगाऊ सावली: फीत गुंडाळून वर्षानुवर्षे पडून राहिली की एका वेढ्यावरचे चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर किंचित उमटते, त्यामुळे मोठ्याने उच्चारलेला शब्द प्रत्यक्ष येण्यापूर्वी साधारण दीड ते तीन सेकंद अगदी पुसट ऐकू येतो. पातळ फितीच्या, म्हणजे नव्वद किंवा एकशेवीस मिनिटांच्या कॅसेटींत हे अधिक सापडते. अशी जागा मिळाली तर तिच्याभोवती पूर्ण रचना उभी करता येईल.

या कलेची सुरुवात ज्या कामापासून धरली जाते त्यातही हाच प्रश्न होता. फ्रेंच रेडिओतले संगीतकार पिएर शेफर यांनी १९४८ मध्ये पॅरिसच्या बातिन्योल स्थानकावर आगगाड्यांचे आवाज टिपले आणि त्यांतून रचलेली आगगाड्यांची छोटी रचना त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला फ्रेंच रेडिओवरून प्रसारित झाली. तेव्हा त्यांच्याकडे फीत नव्हती, तबकड्या होत्या. आगगाडी ऐकली की ऐकणारा आगगाडीच पाहतो, आवाज ऐकत नाही, ही त्यांची अडचण होती. आपल्या आजीच्या ओवीबाबत आपली अडचण नेमकी तीच आहे. त्यांना सापडलेल्या वाटांपैकी दोन आपल्याला थेट उपयोगी पडतील. तबकडीवरची खाच वर्तुळात बंद केली की एक छोटा तुकडा अखंड फिरत राहतो. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर तो पाऊण सेकंदाहून किंचित मोठा असतो, आणि पुरेशा फेऱ्यांनंतर कान कारण विसरून लय ऐकू लागतो. दुसरी वाट घंटेची: घंटेच्या नादातला ठोका कापून टाकला की उरलेला नाद एखाद्या फुंकवाद्यासारखा वाटू लागतो. आपल्या कॅसेटीत स्टीलचे भांडे पडल्याचा आवाज नक्की असेल. त्याचे पहिले पन्नास-साठ सहस्रांश सेकंद काढून, उरलेल्याची सुरुवात हळू चढवून ऐकावे. स्वयंपाकघर मागे पडते आणि एक स्वर हाती येतो.

पण शेफर यांच्याकडे आगगाड्या होत्या आणि आपल्याकडे माणसे बोलत आहेत, तीही मराठीत. इथे मला जे सांगायचे आहे ते परदेशी पुस्तकांत सापडत नाही. आपल्या भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. ‘उद्या सकाळच्या एसटीनं आम्ही सगळे’ इथपर्यंत ऐकले की मराठी कान पुढच्या क्रियापदाची वाट पाहत ताणलेला असतो. निघणार, पोचलो असतो, जाऊ शकलो नाही, काहीही येऊ शकते. वाक्य नेमके तिथे कापावे. त्या ताणलेल्या क्षणी जो आवाज येईल, कुकरची शिट्टी असो वा रेडिओची शीळ, तो वाक्याचे क्रियापद होतो. अर्थ नष्ट झालेला नसतो, म्हणून गोंगाट वाटत नाही. अर्थ पूर्ण झालेला नसतो, म्हणून अल्बमही होत नाही. आपण पाठवलेल्या नमुन्यात सगळी वाक्ये विरामानंतर, अदबीने कापलेली आहेत. हा एक बदल जरी केला तरी आपल्याला फरक जाणवेल.

ओव्यांबाबत थोडी वेगळी काळजी लागते. जात्यावर बसून म्हटलेल्या ओवीची लय जात्याच्या फेऱ्यांशी बांधलेली असते. टेपरेकॉर्डरसमोर बसून म्हटलेली ओवी त्या बंधनातून सुटते, आणि शेवटचे अक्षर श्वासानुसार लांबते. त्यावर संगणकातला ठेका लावू नये. ठेका लावला की ओवी त्याच्यामागे फरफटत जाते. त्याऐवजी त्या लांबवलेल्या शेवटच्या अक्षराचा पाच-सहा सेकंदांचा तुकडा घेऊन निम्म्या गतीने वाजवावा. इथे गती आणि स्वर दोन्ही एकत्र उतरू द्यावेत, म्हणजे फीत मंद केल्यासारखा आवाज पूर्ण एक सप्तक खाली येईल. स्वर तोच ठेवून लांबी वाढवणारी साधने आवाजात एक धातूची कुरकुर आणतात, जी मला जुन्या फितीशेजारी परकी वाटते.

सांध्यांविषयी. फीत ब्लेडने कापणारे लोक ती तिरकी कापत. पाव इंची फीत ४५ अंशांत कापली आणि ती सेकंदाला ३८ सेंटिमीटर गतीने वाजली, तर एका आवाजातून दुसऱ्यात जाण्याला साधारण सतरा सहस्रांश सेकंद लागतात. संगणकात मी आजही सांध्यासाठी पंधरा ते वीस सहस्रांश सेकंदच ठेवते. त्याहून लहान सांध्याला टक्क असा आवाज येतो, आणि दोन-तीन सेकंदांचे गुळगुळीत सांधे सर्वत्र वापरले की सगळे धुक्यात वितळून जाते. यानंतर सळसळीकडे येऊ. प्रत्येक कॅसेटीची सळसळ वेगळी असते: एखादीची कोरडी आणि वर, एखादीची जाड आणि गुणगुणीत मिसळलेली. ऐकणाऱ्याला कॅसेट बदललेली कळते ती आवाजावरून नव्हे, सळसळीवरून. तेव्हा रचनेतली खरी वळणे सळसळ बदलते तिथे असतात. जिथे काळ बदलल्याचे कळावे असे वाटते तिथे सळसळ एकदम कापावी. जिथे दोन खोल्या एक व्हाव्यात असे वाटते तिथे दोन्ही सळसळी काही काळ एकत्र वाहू द्याव्यात. आणि जिथे ‘शांतता’ हवी असेल तिथे त्याच कॅसेटीची रिकामी सळसळ ठेवावी. संगणकाची पूर्ण शून्य शांतता अशा रचनेत बिघाडासारखी ऐकू येते.

मोबाइलवरचे आजचे आवाज या फितींशेजारी फार स्वच्छ वाटतात, ही आपली तक्रार रास्त आहे. त्यावर कृत्रिम सळसळ चढवू नये. तो आवाज एखाद्या लहान स्पीकरवर घराच्या दुसऱ्या खोलीत वाजवावा आणि चालू स्थितीतल्या टेपरेकॉर्डरवर नव्या कॅसेटीत भरून घ्यावा. मग त्यालाही खोली मिळते आणि ते आपोआप वरखाली होणारे सर्किटही. कृत्रिम रिव्हर्ब, म्हणजे संगणकाने घातलेला खोलीचा घुमारा, मी टाळते, कारण या ध्वनिमुद्रणांत खरी खोली आधीच आहे आणि तिच्यावर दुसरी खोटी खोली घातली की दोन्ही पुसट होतात.

लांबी आणि साहित्य यांबाबत माझे मत कडक आहे. पहिली रचना पाच-सहा मिनिटांची असावी आणि ती तीनच ध्वनिमुद्रणांतून करावी. आपण बेचाळीस तुकडे वापरले आहेत, आणि एकालाही दुसऱ्यांदा येण्याची सवड मिळालेली नाही. आवाज परत आला की तो ओळखीचा होतो, तिसऱ्यांदा आला की त्याची वाट पाहिली जाते. कोलाजला आकार येतो तो या वाट पाहण्यातून. साधने कुठलीही चालतील. विनामूल्य मिळणाऱ्या ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅमवर हे सगळे होते.

आपल्या मनात कदाचित असेही असेल की हे आपल्याकडचे नव्हे. पण तसे नाही. १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर (इलेक्ट्रॉनिक पद्धतीने आवाज निर्माण करणारे वाद्य) आणि टेप यंत्रांचा स्टुडिओ उभारण्यास मदत केली, त्यामागे संगीतकार गीता साराभाई यांचा पुढाकार होता, आणि पुढची काही वर्षे अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तिथे काम केले. त्या फिती संस्थेच्या संग्रहात अनेक दशके पडून होत्या आणि अलीकडच्या काळात पुन्हा ऐकल्या गेल्या. कॅसेटींवर तारीख, जागा आणि बोलणाऱ्यांची नावे आजच लिहून ठेवावीत, त्याचे हेही एक कारण आहे.

रेडिओवरून उतरवलेल्या गाण्यांबाबत सावध राहावे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो, आणि शब्द व चाल यांवरचा हक्क त्यांच्या कर्त्यांच्या निधनानंतर ६० वर्षे. अमुक सेकंदांपर्यंतचा तुकडा चालतो, ही समजूत सर्वत्र ऐकू येते. कायद्यात असे सेकंद कुठेही मोजून दिलेले नाहीत. घरात ऐकण्यापुरते करून पाहावे, पण रचना बाहेर प्रसिद्ध करायची असेल तर गाणे वगळावे किंवा परवानगी घ्यावी. गाण्याच्या आधीची शीळ आणि नंतरचा आजोबांचा खाकरा मात्र आपलाच आहे.

घरातल्या माणसांची परवानगी याहून महत्त्वाची. रचना पुरी झाल्यावर नव्हे, अर्धी असतानाच ज्यांचे आवाज आहेत त्यांना बोलावून ऐकवावी. जे हयात नाहीत त्यांच्यासाठी त्यांच्या सर्वांत जवळच्या माणसाला विचारावे. तुकडा कापला, मंद केला, उलटा वाजवला की तो माणसाच्या तोंडी वेगळेच काही घालू शकतो, आणि ते आपल्याला न कळता घरच्यांना कळते. मी एकदा १९८६ सालच्या कॅसेटीतले काकूचे एक वाक्य क्रियापदाआधी कापले होते. मला ते सुंदर वाटत होते. काकूने ऐकले, थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘त्या वर्षी मी हे कोणाला आणि का म्हणत होते ते मला माहीत आहे, एवढे काढ.’ मी ते काढले. चार सेकंदांची जागा रिकामी झाली, आणि तिथे मी त्याच कॅसेटीची, त्याच दुपारची सळसळ ठेवली, जिच्यात अगदी मागे कोणीतरी पाणी भरत आहे.